उसाची ऊर्जा: बॉयलरमध्ये कमावलेलं शेतात किती गळतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऊस वाढताना जेवढा कार्बन डायऑक्साइड शोषतो तेवढाच तो जाळल्यावर परत हवेत जातो, म्हणून बगॅसची, म्हणजे रस काढल्यावर उरणाऱ्या चोथ्याची वीज आणि उसाचं इथेनॉल शंभर टक्के स्वच्छ, असं साखर उद्योगातले लोक सांगतात. विरोधक म्हणतात, ऊस म्हणजे पाणी पिणारं पीक, त्याला उगाच हिरवा रंग फासलाय. यातलं खरं काय?

पहिलं विधान रसायनशास्त्र म्हणून बरोबर आहे, हिशेब म्हणून अपुरं. उसातला कार्बन हवेतूनच आलेला असतो, हे खरंच. पण तो ऊस वाढवायला युरिया लागला, पंप चालले, ट्रॅक्टर फिरले, डिस्टिलरीचं सांडपाणी कुठेतरी साठलं. या गोष्टी त्या विधानात कुठेच येत नाहीत. आणि ऊस चांगला की वाईट हे नेमकं तिथेच ठरतं. माझी बावीस वर्षं बॉयलर आणि टर्बाइनवर गेली. पुढे साखर कारखान्यांचं ऊर्जा ऑडिट करू लागलो. म्हणून सुरुवात बॉयलर हाउसपासून करतो, तिथलं मला सगळ्यात जवळून माहीत आहे.

आधी उसाच्या बाजूने बोलू, कारण त्याचं कौतुक खोटं नाही. सूर्यप्रकाशाचं जैवभारात रूपांतर करण्यात उसाच्या तोडीची फार थोडी पिकं आहेत. प्रकाशसंश्लेषणाची ‘सी-४’ नावाची जी कार्यक्षम वाट आज शाळेच्या पुस्तकात असते, तिचे पहिले धागेदोरे उसाच्या पानांतच सापडले. हवाईमधल्या ऊस संशोधकांनी १९६५ मध्ये आपली निरीक्षणं छापली आणि लगेच १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी त्याची उकल केली. जगात वजनाने सगळ्यात जास्त पिकणारं पीक ऊसच आहे, वर्षाला १९० कोटी टनांच्या आसपास. आणि एका उसातल्या एकूण ऊर्जेचे ढोबळमानाने तीन सारखे वाटे पडतात: एक रसातल्या साखरेत, एक चोथ्यात म्हणजे बगॅसमध्ये आणि एक शेतातच राहणाऱ्या पाचट-वाढ्यांत, म्हणजे वाळलेल्या पानांत आणि हिरव्या शेंड्यांत. साखर उद्योगाने कित्येक वर्षं फक्त पहिल्या वाट्यावर धंदा केला.

दुसऱ्या वाट्याचं काय झालं ते सांगतो. एक टन ऊस गाळला की २८० किलोच्या आसपास बगॅस निघतं, त्यात निम्मं पाणी. जुन्या कारखान्यांना हे बगॅस म्हणजे डोकेदुखी होती. वीज विकायची सोय नव्हती, ढीग ठेवायला जागा नव्हती, आणि आतून तापून ढिगाला आपोआप आग लागायची भीती वेगळीच. म्हणून बॉयलर मुद्दाम असे बांधले जात की हंगाम संपेपर्यंत सगळं बगॅस जळून जावं. चौरस सेंटिमीटरला २१ किलो दाबाचे बॉयलर, गरम धूर तसाच चिमणीतून बाहेर, उघड्या पाइपांना उष्णता धरून ठेवणारं लॅगिंग नाही. ज्याला आपण आज अकार्यक्षमता म्हणतो ती तेव्हाची गरज होती. नवीन इंजिनिअर जुनी ड्रॉइंग बघून हसतात, तेव्हा मी त्यांना हे आवर्जून सांगतो.

आता उलट झालंय. दाब ६७, ८७, ११० किलोपर्यंत गेला. वाफ जितक्या जास्त दाबाची आणि तापमानाची, तितकी ती टर्बाइनमध्ये जास्त काम करून मग रस उकळायला जाते. जुना कारखाना टनामागे २०-३० युनिट वीज करायचा आणि ती स्वतःच खाऊन टाकायचा. चांगला आधुनिक कारखाना स्वतःची गरज भागवून टनामागे १०० युनिटच्या आसपास वीज बाहेर देऊ शकतो. ऊस तोच, बगॅस तेच.

पण बॉयलर नवा घेतला म्हणजे काम झालं असं नाही, आणि इथेच बहुतेक ठिकाणी गाडी अडते. एका ऑडिटला गेलो होतो तिथला नवा बॉयलर झकास होता, टर्बाइनही झकास. टर्बाइन हॉलमधून बाहेर पडलो तर कोपऱ्यात शिट्टीसारखा बारीक आवाज येत होता. जवळ गेलो. दाब उतरवणारा व्हॉल्व्ह निम्मा उघडा. म्हणजे एवढा खर्च करून वर चढवलेला दाब टर्बाइनमधून न जाता त्या व्हॉल्व्हमध्ये नुसता मारला जात होता, कारण उकळणीला वाफ कमी पडत होती. शिफ्टवाल्याला विचारलं, हा कधीपासून उघडा आहे? म्हणाला, ‘साहेब, हंगाम सुरू झाल्यापासून.’ दोष त्याचा नव्हता. रस आटवणारी बाष्पीभवनाची भांडी जुनीच ठेवली होती, ती टनामागे ५०० किलो वाफ मागत होती. व्यवस्थित बसवलेल्या भांड्यांना, पहिल्या-दुसऱ्या भांड्याची वाफ काढून ज्यूस हीटरला आणि साखरेचे दाणे पाडणाऱ्या पॅनला दिली तर, ३८० किलोत भागतं. वाचलेली १२० किलो वाफ कंडेन्सरपर्यंत, म्हणजे तिचं पुन्हा पाणी होतं तिथपर्यंत, टर्बाइनमधूनच नेली तर टनामागे आणखी १२-१५ युनिट मिळतात. दिवसाला ५,००० टन गाळपावर हे ६० ते ७५ हजार युनिट. ही वीज कुणी शोधत नाही, कारण ती बॉयलरमध्ये नसते, साखरेच्या बाजूला असते, आणि साखरेचा विभाग वेगळ्या माणसाच्या हाताखाली असतो.

ओलाव्याबद्दल एक सांगून टाकतो, कारण यावर फार फुगवलेले आकडे ऐकायला मिळतात. बगॅसची ओल ५० वरून ४८ टक्क्यांवर आणली की किलोमागे उष्णता ५ टक्क्यांनी वाढते, असं पुरवठादार सांगतात. किलोमागे वाढते, खरं आहे. पण पाणी कमी झालं तसं बगॅसचं वजनही कमी झालं! त्याच टनभर उसातून मिळणारी एकूण उष्णता जेमतेम एक-सव्वा टक्क्याने वाढते. तरी शेवटची मिल नीट पिळते का याकडे लक्ष ठेवावंच, कारण ओल्या बगॅसवर भट्टी डळमळते आणि दाब टिकत नाही. जुने फायरमन मूठभर बगॅस आवळून तळहात बघायचे. हात ओला झाला की मिलवाल्यांच्या नावाने ओरडा सुरू.

तर वीज मिळते, आणि ती सौर-पवनपेक्षा एका बाबतीत सरस आहे: इंधन साठवून ठेवता येतं, रात्री नऊला लागली तर रात्री नऊला करता येते. ब्राझीलच्या मध्य-दक्षिण भागात गाळप हंगाम एप्रिल ते नोव्हेंबर, म्हणजे नेमका कोरड्या दिवसांत येतो. जलविद्युतेची धरणं उतरत असतात तेव्हा बगॅसची वीज चढत असते. मॉरिशसमध्येही बगॅसची वीज कैक दशकं सार्वजनिक वीजजाळ्यात जाते आहे. मात्र तिथल्या अशा केंद्रांत हंगाम संपला की त्याच बॉयलरमध्ये कोळसा जाऊ लागला. वर्षभर टर्बाइन फिरतं ठेवायचं म्हटलं की हा मोह येतोच. म्हणून एखादं सहवीज केंद्र (कारखान्याची वाफ आणि वीज एकत्र करणारं) किती हरित आहे हे बघताना हंगामाबाहेर काय जळतं ते आधी विचारावं.

आता एक गोष्ट आमच्या धंद्यातल्या लोकांना आवडत नाही, तरी लिहितो. नुसती वीज हवी म्हणून कुणी ऊस लावू नये. एक हेक्टर चांगला ऊस ८० टन. त्यातून बाहेर जाणारी वीज सुमारे ८,००० युनिट, आणि रसाचं इथेनॉल केलं तर आणखी साडेपाच हजार लिटर. त्याच हेक्टरवर सौर पॅनल लावले तर वर्षाला सात-आठ लाख युनिट सहज निघतात. म्हणजे विजेपुरतं बघितलं तर शंभरपट फरक. इथेनॉलमधली सगळी ऊर्जा, इंजिनमधलं नुकसान न धरता, युनिटमध्ये मोजली तरी ती ३३ हजारांच्या घरात जाते. पॅनलच्या आसपासही पोचत नाही. ऊस ऊर्जेच्या हिशेबात बसतो तो एवढ्यासाठी की तो साखरेसाठी आधीच उभा आहे, तोडून, वाहून, पिळून कारखान्याच्या दारात आलेला आहे. गोळा करायचा खर्च साखरेने उचललाय. तिथे बगॅस वाया घालवणं हा गुन्हा. पण ऊर्जेचं नाव पुढे करून उसाचं क्षेत्र वाढवणं ही वेगळी गोष्ट झाली, तिचं समर्थन बगॅसच्या आकड्यांनी होत नाही.

द्रव इंधन मात्र पॅनलवर पिकत नाही, म्हणून इथेनॉलचा विचार स्वतंत्र करावा लागतो. ब्राझीलने उसाच्या इथेनॉलचा प्रोआल्कूल कार्यक्रम नोव्हेंबर १९७५ मध्ये सुरू केला तो हवामानासाठी नाही, तेलाच्या किमतीने कंबरडं मोडलं म्हणून. ऐंशीच्या दशकात तिथे शुद्ध अल्कोहोलवर चालणाऱ्या गाड्या धडाक्याने विकल्या गेल्या. मग तेल स्वस्त झालं, साखर महागली, कारखाने साखरेकडे वळले आणि १९८९-९० मध्ये पंपावर अल्कोहोलच मिळेना. अल्कोहोलच्या गाड्यांवरचा लोकांचा विश्वास उडाला तो पुढे बरीच वर्षं. २००३ मध्ये कुठलंही मिश्रण चालणाऱ्या फ्लेक्स गाड्या आल्या तेव्हा तो परतला, कारण आता निवड गाडी घेताना नाही, पंपावर करता येत होती. आज तिथल्या पेट्रोलमध्ये ३० टक्के इथेनॉल असतं. भारतात २००३ मध्ये ५ टक्क्यांनी सुरुवात झाली, २०२२ मध्ये १० टक्के झालं, २०२५ मध्ये २०. पण हे सगळं इथेनॉल उसाचं नाही, अलीकडे त्यातला अर्ध्याहून जास्त वाटा धान्याचा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये पाऊस कमी झाल्याने उसाचं उत्पादन घटणार म्हणताच सरकारने रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं घातली. साखर की इंधन ही ओढाताण ब्राझीलमध्ये होती तीच इथे.

इथेनॉलची उष्णता पेट्रोलच्या दोन-तृतीयांश असते. म्हणून ॲव्हरेज थोडं पडतं, त्यावर वाद घालण्यासारखं काही नाही. हवामानाच्या बाजूने बघितलं तर उसाचं इथेनॉल मक्यापेक्षा बरंच सरस, आणि त्याचं कारणही बगॅसच. मक्याच्या डिस्टिलरीला वाफेसाठी बाहेरून गॅस किंवा कोळसा आणावा लागतो, उसाची डिस्टिलरी स्वतःच्या चोथ्यावर चालते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१० मध्ये ब्राझीलच्या उसाच्या इथेनॉलला पेट्रोलच्या तुलनेत ६१ टक्के कमी उत्सर्जनाचं श्रेय दिलं, तेही जमीनवापरातल्या बदलांचा अंदाज धरून. लक्षात घ्या, ६१. शंभर नाही.

आणखी एक संधी डिस्टिलरीच्या छपरावरून रोज निसटते. यीस्ट साखर खातं तेव्हा वजनाने निम्मं अल्कोहोल होतं आणि जवळपास निम्मा कार्बन डायऑक्साइड. लिटरभर इथेनॉलमागे पाऊण किलो. चिमणीच्या धुरात हा वायू नायट्रोजनमध्ये मिसळलेला असतो, वेगळा काढायला फार ऊर्जा लागते. फर्मेंटरच्या तोंडाशी मात्र तो जवळपास शुद्ध मिळतो. पाण्याने धुवायचा, वाळवायचा, दाबायचा, एवढंच. बहुतेक ठिकाणी तो नुसता सोडून देतात, काही ठिकाणी शीतपेयांना जातो आणि बाटली उघडली की पुन्हा हवेत. हाच वायू खोल खडकात कायमचा गाडला तर उसाचं इथेनॉल खऱ्या अर्थाने उणे उत्सर्जनाचं होईल. कार्बन पकडण्याची इतकी सोपी जागा दुसरीकडे क्वचित मिळेल.

आता सांडपाणी. उसाचा हिशेब बिघडवण्याची सगळ्यात जास्त ताकद माझ्या मते याच्यात आहे. मोलॅसिसपासून, म्हणजे साखर काढून उरणाऱ्या दाट पाकापासून, एक लिटर इथेनॉल करताना साधारण १० लिटर स्पेंटवॉश, म्हणजे हे सांडपाणी, निघतो. गडद तपकिरी, गरम, आंबूस वासाचा. लिटरमागे १०० ग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मागणारा सेंद्रिय भार. म्हणजे इथेनॉलच्या प्रत्येक लिटरमागे एक किलो. हा भार बिनहवेच्या खोल तळ्यात पूर्ण कुजला तर पाव किलो मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या मापाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट तापवतो. म्हणजे पावणेसात किलो कार्बन डायऑक्साइडइतका. आणि तेच एक लिटर इथेनॉल पेट्रोलची जागा घेऊन वाचवतं किती? सुमारे दोन किलो. प्रत्यक्षात सगळा भार कुजत नाही, उथळ तळ्यात हवाही मिळते. पण एक-तृतीयांश मिथेन जरी हवेत गेला तरी सगळी बचत पुसली गेली.

मी एका डिस्टिलरीच्या तळ्यावर पहाटे उभा होतो. वारा नव्हता. पाण्यावर सायीसारखा थर आणि त्याच्या मधूनमधून एकेक बुडबुडा फुगून फुटत होता, संथपणे, जसं पिठलं खदखदतं तसं. सोबतचे अधिकारी मला वर्षभरात किती इंधन वाचवलं ते सांगत होते. माझी नजर बुडबुड्यांवर.

याच पाण्यावर बंद डायजेस्टर बसवला की चित्र पालटतं. घनमीटरमागे २५ ते ३५ घनमीटर बायोगॅस मिळतो, म्हणजे लिटरभर इथेनॉलमागे आणखी पाव पट तरी ऊर्जा. दुसरी वाट म्हणजे स्पेंटवॉश आटवून घट्ट करायचा आणि खास बॉयलरमध्ये बगॅसबरोबर जाळायचा. त्यातलं पालाश राखेत सापडतं, शेताला परत देता येतं. रसाच्या गाळणीतून निघणारा गाळ, म्हणजे प्रेसमडही डायजेस्टरला चालतो. साधारण २५ टन प्रेसमडमागे एक टन दाबलेला बायोगॅस, असं गणित धरतात. फक्त तो ताजा हवा. आवारात महिनाभर उन्हापावसात पडला की निम्मा जीव तिथेच जातो.

आता शेत. नत्रापासून सुरू करतो. हेक्टरी २०० किलो नत्र दिलं तर त्याचा एक टक्का नायट्रस ऑक्साइडच्या रूपात उडतो, असं आंतरराष्ट्रीय हिशेबात धरतात. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट प्रखर आहे. त्यामुळे हेक्टरी ८५० किलो कार्बन डायऑक्साइडच्या आसपास भर पडते. भारी, पाणी धरून ठेवणारी जमीन असेल, पाट फोडून पाणी तुंबवलं असेल आणि त्याच सुमारास युरिया फेकला असेल, तर हा एक टक्का कित्येक पट होतो. युरिया मातीआड करणं, हप्ते पाडणं, ठिबकमधून थोडा थोडा देणं या गोष्टी कृषी अधिकारी उत्पादन वाढावं म्हणून सांगत असतात. हवामानाच्या बाजूनेही त्याच कामाच्या आहेत.

पाण्याचा हिशेब मी स्वतः प्रथम केला तेव्हा दोनदा तपासला. उसाला पूर्ण वाढीत १,५०० ते २,५०० मिलिमीटर पाणी लागतं. ब्राझीलच्या साओ पावलो भागात यातलं बहुतेक पाऊसच देतो. जिथे पाऊस देत नाही तिथे ते उपसावं लागतं. समजा हेक्टरी १५,००० घनमीटर पाणी ३० मीटर वर उचलायचं. पंप, मोटर, पाइप सगळं धरून कार्यक्षमता ४० टक्के. वीज लागते ३,००० युनिटच्या वर. आणि त्या हेक्टरचा ऊस कारखान्यातून वीज देतो ८,०००. पाणी ६० मीटरवरून येत असेल तर ६,००० युनिट गेले! जाळ्यातली वीज बहुतांश कोळशाची असेल तर एकीकडे कारखाना बगॅसची स्वच्छ वीज विकतो आणि दुसरीकडे त्याच उसाचे पंप कोळसा जाळतात. लिटरभर इथेनॉलमागे सिंचनाचं पाणी काढायचं तर तेही याच आकड्यांतून निघतं: अडीच-पावणेतीन हजार लिटर.

विहीर जितकी खोल, तितकी उसाची वीज खोटी. ठिबकने पाणी एक-तृतीयांशाच्या आसपास वाचतं आणि ते खरंच वाचतं. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर लागण केली तर भूजलाच्या दृष्टीने काहीच वाचलं नाही. हे मी ठिबकच्या विरोधात लिहीत नाही. पंपाला मीटर असावा, म्हणजे खरं काय घडलं ते दिसेल, एवढंच.

याच पाण्याची दुसरी बाजूही आहे, न्यायाने सांगायला हवी. ऊस भरपूर बाष्पोत्सर्जन करतो. ब्राझीलच्या सेराडो या गवत-झाडीच्या प्रदेशात उपग्रहाच्या नोंदींवरून असं दिसलं की गुरांची कुरणं किंवा इतर पिकांच्या जागी ऊस आला की तिथलं तापमान जवळपास एका अंशाने उतरतं. पण हा थंडावा मूळ झाडी तोडून ऊस लावला तर मिळत नाही. उलट, सेराडोची झाडी तोडून ऊस लावला तर झाडी आणि मातीतून सुटलेला कार्बन इथेनॉलने फेडायला १७ वर्षं लागतात, असा २००८ च्या एका गाजलेल्या अभ्यासाचा अंदाज होता. ब्राझीलने २००९ मध्ये ऊस कुठे लावावा, कुठे नाही याचे विभाग ठरवले होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये तो आदेश रद्द झाला.

राहिलं पाचट, उसाच्या ऊर्जेतला तिसरा वाटा. माझं मत याच्याबद्दल बदललं, ते कसं ते सांगतो. बॉयलरवर होतो तेव्हा मला सगळं पाचट भट्टीत हवं होतं. एका हंगामात गाठी बांधून आणल्याही. सुरुवातीला मजा आली, कोरडं इंधन, भट्टी धडधडून पेटली. सहा आठवड्यांत सुपरहीटरच्या (वाफ आणखी तापवणाऱ्या नळ्यांच्या) मागे धूर खेचला जाईना. बॉयलर थंड करून आत गेलो तर नळ्यांवर काचेसारखा चिकट, राखाडी-हिरवट थर, छिन्नीने फोडावा लागला. पाचटात पालाश आणि क्लोरीन बगॅसपेक्षा बरंच जास्त असतं, कारण बगॅसमधलं ते पिळताना रसाबरोबर धुऊन निघतं. शिवाय शेतातली माती. तेव्हापासून मी पाचटाच्या मिश्रणाचं प्रमाण कमीच ठेवायला सांगतो.

आणि शेताच्या बाजूने बघितलं तर हेक्टरी ८-१० टन पाचटात ४० किलोच्या आसपास नत्र असतं. पेटवलं की बहुतेक नत्र उडालं, वर काजळी आणि मिथेन. खोडव्यात, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुंध्यातून पुन्हा फुटणाऱ्या पिकात, आच्छादन म्हणून पसरलं तर पाण्याच्या एक-दोन पाळ्या वाचतात, तण दबतं. त्याने मातीत भरमसाट कार्बन साठतो असं मात्र समजू नका. वर्षभरात बहुतेक कुजून हवेतच जातं, थोडं टिकतं. फायदा आहे तो पाण्यात आणि खतात. साओ पावलो राज्याने ऊस पेटवून तोडणं टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा कायदा २००२ मध्ये केला, आणि २००७ च्या करारात कारखान्यांनी मुदती बऱ्याच अलीकडे आणल्या. ते जमलं कारण तोडणी यंत्राने होऊ लागली. जिथे हाताने तोडतात तिथे पाचटासकट तोडणं मजुराला जास्त कष्टाचं पडतं, त्याची भरपाई कोण देणार हे ठरल्याशिवाय नुसत्या बंदीने फड पेटायचे थांबत नाहीत.

बगॅसपासून दुसऱ्या पिढीचं इथेनॉल आणि विमानाचं इंधन याबद्दलही बरेच जण विचारतात. तंतूंतला सेल्युलोज फोडून साखर काढता येते, ब्राझीलमध्ये असे मोठे प्रकल्प २०१४ पासून सुरू झाले, पण चोथा शिजवणाऱ्या यंत्रणेने त्यांना वर्षानुवर्षं रडवलं. वाळूमिश्रित, चिवट चोथा सतत दाबाखाली ढकलणं हे कागदावर दिसतं तितकं सोपं नाही, आणि तोच चोथा वीजही देत असतो हे विसरू नये. विमानाच्या इंधनासाठी इथेनॉल वापरायला २०१८ मध्ये मानक मिळालं. लिटरभर विमान इंधनाला १.६ लिटरहून जास्त इथेनॉल लागतं. गाड्या विजेवर जातील, लांब पल्ल्याची विमानं इतक्यात जाणार नाहीत. तेव्हा पुढच्या काळात इथेनॉल गाडीत जाळण्यापेक्षा तिकडे वळवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

या सगळ्यात एक गृहीत आपण धरून चाललोय, की ऊस असाच पिकत राहील. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की उसाचं फावेल असं काही जण म्हणतात. सी-४ पिकांना त्याचा थेट फायदा अगदी थोडा, कारण त्यांची वायू गोळा करायची यंत्रणा आधीच जोरदार असते. साखर भरायला थंड, कोरडे दिवस लागतात. हिवाळ्याच्या रात्री उबदार झाल्या तर ऊस वाढत राहतो, पिकत नाही. २०२१ मध्ये ब्राझीलला आधी दुष्काळाने आणि मग जुलैच्या हिमतुषाराने असं गाठलं की मध्य-दक्षिणेचं गाळप ६० कोटी टनांच्या वरून ५२ कोटींवर आलं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये साओ पावलोत उभे फड वणव्यात जळाले. ज्या पिकाच्या भरवशावर देशाचं इंधन मिसळायचं, ते पीक स्वतःच हवामानाच्या तडाख्यात आहे, तेव्हा मिश्रणाचं प्रमाण पाऊस बघून खालीवर करायची सोय धोरणातच ठेवलेली बरी.

राहिला शेवटचा प्रश्न, एखाद्या कारखान्याचा हरितपणाचा दावा सामान्य माणसाने कसा तपासावा? मी गेलो की अहवाल नंतर वाचतो. आधी दाब उतरवणाऱ्या व्हॉल्व्हपाशी जाऊन कान देतो. मग हंगामाबाहेरच्या इंधनाचं रजिस्टर मागतो. मग डिस्टिलरीच्या मागच्या तळ्यावर जातो, झाकलेलं आहे का बघतो. आणि परतताना वाटेत एखाद्या फडाच्या बांधावर थांबून शेतकऱ्याला विचारतो, दादा, पाणी किती फुटांवर लागलं? गेल्या ऑडिटला हे उत्तर दोनशे ऐंशी आलं. कारखान्याच्या अहवालात विहिरींचं पान नव्हतंच. मी ते जोडायला लावलं, अजून आलेलं नाही.